एकोणीस-वीस

दोन संघ तुल्यबळ असले म्हणजे आपल्या नागपुरात ‘काट्याची टक्कर’ झाली असे म्हणतात. कोल्हापूरकडील तालमींत अशा झुंजीस ‘काटा कुस्ती’ हे नाव आहे. हा काटा बाभळीचा नव्हे, तराजूचा होय, असे आमचे मत आहे. ‘काटेकोर’ हा शब्दही त्याच काट्याचा. ज्याच्या नावातच लाकडाचा व्यापार आहे त्या लकडगंजात हे निराळे सांगावयास नको. दोन्ही पारडी भरली तरच काट्यास काम. चुरशीस जोडीदार हवाच. तो आपला वैरी नव्हे, आपले वजन दाखविणारा आहे.

दुसरा वाक्प्रचार हिंदी शेजाऱ्यांच्या तोंडी ‘उन्नीस-बीस’, आपल्या तोंडी ‘एकोणीस-वीस’. अर्थ हा की, फरक जवळजवळ नाहीच. १९८४ साली लॉस एंजेलिस येथील ऑलिंपिकमध्ये पी. टी. उषा ह्या ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सेकंदाच्या अवघ्या एका शतांशाने चौथ्या आल्या. पदक हुकले खरे. परंतु तिसऱ्या आलेल्या धावपटूचे नाव आज आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे?

निकालाच्या दिवशी मात्र हा अर्थ आपण विसरतो. एका गुणाने मागे राहिलेले मूल मान खाली घालून घरी जाते, आणि घरीही त्यास बोल ऐकावे लागतात. पालकांस आमची नम्र विनंती की, एरवी ज्यास आपण एकोणीस-वीस म्हणतो, त्यास प्रगतिपुस्तक हाती येताच जमीन-अस्मानाचे अंतर म्हणू नये.