पंधरा तासांचा जामीन आमच्या पोराला कधी?



१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातल्या कल्याणीनगरात एका सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. त्याच दिवशी, अवघ्या पंधरा तासांत, बाल न्याय मंडळाच्या सदस्याने त्या मुलाला जामीन दिला. अटींपैकी एक अट होती, अपघातावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची. महाराष्ट्र पेटून उठला आणि तो उठायलाच हवा होता. पण त्या संतापातून एक मागणी पुढे आली आणि आपल्यातल्याही अनेकांनी ती डोळे झाकून मोबाईलवर पुढे ढकलली. वय कमी करा, कायदा कडक करा, सोळा पूर्ण झाली की थेट तुरुंगात टाका. ही मागणी आंबेडकरी चळवळीची असूच शकत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहा. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम १२. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, अठरा वर्षांखालच्या मुलाला जामीन द्यायचा. नाकारायचा तर तीनच कारणांनी: सुटल्यावर तो गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, त्याला स्वतःला नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल. ताब्यात घेतल्यापासून चोवीस तासांत मंडळापुढे उभे करायचे. लॉकअप नाही, तुरुंग नाही. मोफत वकील मिळवून देणे मंडळाचे काम. चौकशी चार महिन्यांत, फार तर आणखी दोन. यातले एक अक्षरही पुण्याच्या त्या मुलासाठी वेगळे लिहिलेले नव्हते. तिथे सडले ते दुसरेच. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली आणि मंडळाच्या दोन सदस्यांना पुढे सरकारने घरी पाठवले. उच्च न्यायालयाने मात्र २५ जून २०२४ रोजी मुलाला निरीक्षणगृहातून सोडायला लावले, लोकक्षोभ कितीही असला तरी.

आता हेच कलम कशेडी घाटाच्या पायथ्याशी आणून बघा. समजा, पोलादपूर तालुक्यातल्या एखाद्या बौद्धवाडीतला नाहीतर कातकरवाडीतला सोळा वर्षांचा पोर तांब्याची तार चोरल्याच्या संशयावरून उचलला गेला. आई वीटभट्टीवर, बाप महाडच्या एमआयडीसीत कंत्राटावर. घरी जन्माचा दाखला नाही, शाळा सातवीत सुटलेली. जिल्ह्याच्या मंडळापुढे तारीख पडणार. अलिबाग घ्या की कर्जत घ्या, पोलादपूरहून दोन्ही शंभर किलोमीटरपलीकडे. पोर घाट चढून खेडच्या हद्दीत सापडला तर जिल्हाच बदलतो आणि मग रत्नागिरीच्या वाऱ्या. सरकारने कशेडीला बोगदे पाडून गाड्यांची चढण वाचवली. तारखेला जाणाऱ्या आईचा रोज मात्र अजूनही अख्खाच बुडतो. आणि गेल्यावर मंडळ पूर्ण बसलेले असेलच असे नाही. इंडिया जस्टिस रिपोर्टच्या २०२५ च्या अभ्यासानुसार देशातल्या मंडळांपुढची निम्म्याहून अधिक प्रकरणे प्रलंबित आहेत आणि जवळपास दर चौथ्या मंडळात पूर्ण पीठच नाही.

खरी मेख आहे ती सामाजिक तपासणी अहवालात. परिविक्षा अधिकारी घरी जाऊन तो तयार करतो. घर कसे आहे, उत्पन्न किती, कोणाला व्यसन आहे का, घरात आधी कोणावर केस झाली आहे का. घर कुडाचे, आईबाप दिवसभर कामावर, चुलत्यावर जुनी केस. एवढे लिहून खाली ‘घरचे वातावरण योग्य नाही’ असा शेरा मारला की झाले. गरिबीचे वर्णन केले आणि ते अलगद कलम १२ च्या अपवादात नेऊन बसवले. सतरा वर्षांच्या पोराच्या हाती बिनदिक्कत गाडी जाते, ते घर मात्र योग्य! पारध्याच्या पोराला तर शेऱ्याचीही गरज पडत नाही. १८७१ च्या कायद्याचा शिक्का १९५२ ला कागदावरून गेला, पोलिसाच्या नजरेतून गेला का?

कडक कायदा कोणावर पडेल, हे विचारायचे धाडस कोणी करत नाही. कलम १५ नुसार सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर, म्हणजे किमान सात वर्षे शिक्षेचा गुन्हा असेल तर त्याच्यावर प्रौढासारखा खटला आजही चालू शकतो. आता सतरा वर्षांचा बौद्ध मुलगा आणि सोळा वर्षांची सवर्ण मुलगी आपल्या मर्जीने पळून गेली असे धरा. मुलीचा बाप ठाण्यात जातो, पोक्सो लागतो, किमान शिक्षा दहा वर्षे. गुन्हा आपोआप अतिगंभीर. खर्ड्यात २०१४ साली सतरा वर्षांच्या दलित मुलाला सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून मारून टाकले आणि २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. जिथे पोराला असे मारता येते, तिथे त्याला कायद्याने गाडण्याची सोय आपणच मागायची?

चवदार तळ्याकडे बघा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे उघडे होते. तरी २० मार्च १९२७ पर्यंत आपल्या माणसाची ओंजळ पाण्याला लागली नाही. ठराव कुचकामी आहे, रद्द करा, असे बाबासाहेब म्हणाले नाहीत. ते हजारोंना घेऊन तळ्यावर गेले, आणि मग कोर्टात दहा वर्षे लढून १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयात जिंकले. कलम १२ आज तसेच तळे आहे.

म्हणून महाड-पोलादपूरच्या पोरांनो, कामाला लागा. पोर उचलल्याचे कळले की पहिला कार्यकर्ता शाळेत धावला पाहिजे. वयाचा पहिला पुरावा शाळेचा दाखला, तो नसेल तर जन्मनोंद, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. दाखला वेळेत पोचला नाही तर ठाण्यात एकोणीस लिहिले जाते आणि पोर थेट मोठ्यांच्या कोठडीत जातो. परिविक्षा अधिकारी वाडीत येईल तेव्हा अंगणवाडीताई, गुरुजी, शेजारी यांना त्याच्यासमोर बसवा. पोराबद्दल चार बऱ्या गोष्टी अहवालात लेखी आल्या पाहिजेत. किरकोळ गुन्ह्यात मुदतवाढीनंतरही चौकशी संपली नाही तर कार्यवाही संपुष्टात येते, तेव्हा तारखा लिहून ठेवा.

आणि कायद्याच्या कलम ४ मध्ये प्रत्येक जिल्ह्यासाठी एक किंवा त्याहून अधिक मंडळे नेमण्याची तरतूद आहे. रायगडचे दुसरे मंडळ महाडला बसवा, या मागणीचे निवेदन आम्ही तयार करत आहोत. २० मार्चला तळ्यावर येताना तुमच्या वाडीच्या सह्या घेऊन या.

जय भीम!