शब्दांच्या शेपट्या : आयटिस, ओमा, एक्टमी

आपल्या बहुतेक घरांत कपाटाच्या वरच्या खणात एक पिशवी असते. तिच्यात जुने एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, सोनोग्राफीचे कागद आणि डिस्चार्ज कार्डे कोंबलेली असतात. नवीन डॉक्टरकडे जाताना ती न्यायची, टेबलावर ठेवायची आणि परत आणून त्याच खणात टाकायची. आत काय लिहिले आहे, हे घरातल्या कुणी वाचलेले नसते. इंग्रजी शाळेत जाणारी मुलेसुद्धा ‘ही मेडिकलची भाषा आहे’ म्हणून कागद बाजूला सारतात. खरे तर ही भाषा धड इंग्रजीही नाही. यातले बहुतेक शब्द ग्रीक आहेत आणि त्यांची बांधणी इतकी नियमित आहे की, नुसती शेपटी ओळखता आली तरी अर्धा अर्थ हाती लागतो. या महिन्यात अशा तीन शेपट्या पाहू.

पहिली ‘आयटिस’. टॉन्सिलायटिस, गॅस्ट्रायटिस, आर्थ्रायटिस, हेपॅटायटिस हे शब्द आपल्या दादी-नानींच्याही तोंडी आहेत. ग्रीकमध्ये या शेपटीचा मूळ अर्थ फक्त ‘अमक्याचा, अमक्याशी संबंधित’ एवढाच होता. ‘आर्थ्रॉन’ म्हणजे सांधा आणि ‘नोसोस’ म्हणजे आजार. ‘आर्थ्रायटिस नोसोस’ म्हणजे सांध्याचा आजार. पुढे ‘नोसोस’ गळून पडला. आपण नाही का ‘दुपारचे झाले का?’ असे विचारतो आणि जेवण हा शब्द गृहीत धरतो? तसेच. अशा आजारांत बहुधा तो अवयव सुजलेला असे, म्हणून नंतरच्या वैद्यांनी ‘आयटिस’चा अर्थ पक्का केला : सूज, दाह. ही सूज कशी ओळखायची, हे पहिल्या शतकातल्या सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवले आहे. लाली, फुगवटा, गरमपणा आणि ठणका. आजही वैद्यकीय महाविद्यालयांत ही चार लक्षणे शिकवतात.

आता अवयवांची ग्रीक नावे जोडत जा. ‘हेपार’ म्हणजे यकृत, म्हणून हेपॅटायटिस. ‘गॅस्टर’ म्हणजे पोट, म्हणून गॅस्ट्रायटिस. ‘नेफ्रॉस’ म्हणजे मूत्रपिंड, म्हणून नेफ्रायटिस. ‘डर्मा’ म्हणजे कातडी, म्हणून डर्मटायटिस.

ज्यांच्या घरी हकीमसाहेबांचा इलाज चालत असे, त्यांना हे ऐकून एक शब्द आठवेल : वरम. अरबीत ‘वरम’ म्हणजे सूज. युनानी चिकित्सेत यकृताच्या सुजेला ‘वरम-ए-जिगर’ म्हणतात आणि जठराच्या सुजेला ‘वरम-ए-मेदा’. म्हणजे जे ग्रीक शेवटी लावतात, ते इथे सुरुवातीला आले. फारसीत तर हुबेहूब शेपटीच आहे. ‘सर’ म्हणजे डोके, ‘साम’ म्हणजे सूज, दोन्ही मिळून ‘सरसाम’. तापात बडबडणाऱ्या माणसाला ‘सरसाम झाला’ म्हणत, ते यावरून. हे साम्य योगायोगाचे नाही. ‘युनानी’ या शब्दाचा अर्थच ग्रीक. नवव्या शतकात बगदादमध्ये हुनैन इब्न इसहाक यांनी जालिनूस, म्हणजे गॅलेन, या ग्रीक वैद्याचे ग्रंथ भाषांतरित केले. त्या परंपरेत इब्न सीना यांचा ‘अल-कानून’ तयार झाला आणि बाराव्या शतकात तो टोलेडो शहरात लॅटिनमध्ये गेला. नंतर कित्येक शतके युरोपातली विद्यापीठे तो शिकवत होती. हकीमसाहेबांचा ‘वरम’ आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या कागदावरचा ‘आयटिस’ एकाच घराण्यातले आहेत.

पण या शेपटीची एक मर्यादा आहे, आणि घराघरांत घोटाळा होतो तो इथेच. ‘आयटिस’ सूज कुठे आहे ते सांगते. कशामुळे आहे, ते सांगत नाही. हेपॅटायटिसचेच पाहा. १९५५च्या अखेरीस दिल्लीत यमुनेचे पात्र सरकले आणि नजफगड नाल्याची घाण वझिराबादच्या पाणीउपशापर्यंत पोहोचली. काही आठवड्यांत हजारो लोकांना कावीळ झाली. गरोदर बायकांना ती जास्त जिवावर बेतली. पाण्यातून पसरली म्हणून हा हेपॅटायटिस ए असणार, असे बरीच वर्षे धरले गेले. पंचवीसेक वर्षांनी त्या साथीतले जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासले, तेव्हा तो ए नव्हता असे दिसले. त्या कामात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या संशोधकांचाही वाटा होता. आज आपण त्या विषाणूला हेपॅटायटिस ई म्हणतो. ए आणि ई दूषित पाण्यातून, अन्नातून येतात. बी आणि सी रक्तातून येतात : न उकळलेली सुई, न तपासलेले रक्त, एकाच वस्तऱ्याने केलेली दाढी. बी आणि सी बाळंतपणात आईकडून बाळालाही जाऊ शकतात. दारूने होणारा हेपॅटायटिस वेगळा, औषधांच्या माऱ्याने होणारा आणखी वेगळा. शेवट सगळ्यांचा ‘आयटिस’च.

आपल्याकडे कावीळ ‘उतरवणारे’ गावोगाव आहेत. कुणी गळ्यात माळ घालतो, ती दिवसेंदिवस लांब होते. कुणी चुन्याच्या पाण्यात हात धुतो, पाणी पिवळे होते. माझे मत स्पष्ट सांगतो. हेपॅटायटिस ए बहुतेकांचा विश्रांतीने आपोआप बरा होतो, त्यामुळे माळेला फुकटचे श्रेय मिळते. बी आणि सी मात्र डोळ्यांचा पिवळेपणा गेल्यावरही आत वर्षानुवर्षे राहू शकतात आणि यकृत निकामी करू शकतात. सी आता गोळ्यांनी बरा होतो, बी रोखणारी लस बाळाला जन्मताच देतात. पण त्यासाठी आधी कोणता हेपॅटायटिस आहे, हे कळायला हवे. ते माळ सांगत नाही आणि नुसता ‘आयटिस’ही सांगत नाही. पुढचे अक्षर वाचावे लागते.

आर्थ्रायटिसचीही हीच कथा. गुडघे झिजले म्हणून खुर्चीवर बसून नमाज पढणारे बडे अब्बा आणि सकाळी बोटे आखडल्यामुळे कणीक मळता न येणारी तिशीतली सून, दोघांच्या कागदावर आर्थ्रायटिसच असते. सुनेचा संधिवात वेगळा असू शकतो, औषधेही वेगळी. एकाच्या गोळ्या दुसऱ्याने खायच्या नसतात.

दुसरी शेपटी ‘ओमा’. ही दिसली की घरात रडारड सुरू होते. ‘रिपोर्टमध्ये ओमा आहे, म्हणजे कॅन्सर.’ तसे नाही. ग्रीकमध्ये ‘ओमा’ लावला की एखाद्या क्रियेतून तयार झालेली वस्तू कळते. आपल्या मुलांचा ‘डिप्लोमा’ त्याच पद्धतीने बनलेला शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ घडी घातलेला कागद. वैद्यकात ही शेपटी गाठीला चिकटली. गाठ साधी की वाईट, ते पुढच्या भागावरून ठरते. लायपोमा म्हणजे चरबीची गाठ. पाठीवर, दंडावर असते आणि बहुधा आयुष्यभर काही करत नाही. हिमॅटोमा म्हणजे साकळलेले रक्त. सोनोग्राफीत बायकांच्या गर्भाशयात दिसणारा लायोमायोमा, ज्याला आपण फायब्रॉइड म्हणतो, तो स्नायूंची गाठ असतो आणि जवळजवळ नेहमी कॅन्सरचा नसतो. ग्लॉकोमात तर गाठच नाही. ‘ग्लॉकोस’ म्हणजे निळसर-करडा रंग, त्यावरून डोळ्यांच्या आजाराला हे नाव पडले. मराठीत तो काचबिंदू. गाठ नसली तरी त्याला हलके समजू नका. मोतीबिंदू काढल्यावर दिसू लागते, काचबिंदूने गेलेली नजर मात्र परत येत नाही.

कार्सिनोमा, लिंफोमा आणि मेलॅनोमा ही खरी कॅन्सरची नावे. ‘कार्किनोस’ म्हणजे खेकडा. गाठीभोवती पसरलेल्या शिरा ग्रीक वैद्यांना खेकड्याच्या पायांसारख्या वाटल्या. लॅटिनमध्ये खेकड्याला ‘कॅन्सर’ म्हणतात, अरबीत ‘सरतान’. म्हणून कर्क राशीचेही नाव सरतान आणि या आजाराचेही. मराठीतला ‘कर्करोग’ तोच खेकडा. आणि उलटेही ध्यानात ठेवा : ल्यूकेमिया या रक्ताच्या कॅन्सरच्या शेवटी ‘ओमा’ नाहीच.

आता तिसरी शेपटी, आणि ही तिन्हींत महत्त्वाची, कारण तिच्याखाली आपली सही घेतात. ‘एक्टमी’. ‘एक’ म्हणजे बाहेर, ‘टोमी’ म्हणजे कापणे. कापून बाहेर काढणे. (अणूला ‘ॲटम’ म्हणतात, त्यातही हेच कापणे आहे. ‘ॲ’ म्हणजे नाही, न कापता येणारा.) नुसते ‘ओटमी’ असेल तर फक्त चिरून उघडणे : लॅपरोटमी म्हणजे पोट उघडून पाहणे. ‘ओस्टमी’ असेल तर तोंड पाडणे : कोलोस्टमीत आतड्याला पोटावर वाट करून देतात. कानाला तिन्ही सारखीच वाटतात. पेशंटसाठी मात्र उघडून परत शिवलेले पोट आणि कायमचा गेलेला अवयव यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

‘आयटिस’ झाला म्हणजे ‘एक्टमी’ झालीच पाहिजे, असेही नाही. ॲपेंडिसायटिस हा शब्द १८८६ साली बॉस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी रूढ केला. १९०२ च्या जूनमध्ये इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड राज्याभिषेकाला दोन दिवस उरले असताना याच आजाराने आडवा झाला. फ्रेडरिक ट्रीव्ह्झ या सर्जनने पोट उघडले, साचलेला पू वाहून जाऊ दिला आणि ॲपेंडिक्सला हात न लावता सोडले. ऑगस्टमध्ये राजाचा राज्याभिषेक झाला. आज ॲपेंडिक्स सहसा काढतातच आणि ते योग्य आहे, उशीर केला तर ते फुटते. मुद्दा एवढाच की, दोन शब्द वेगळे आहेत आणि त्यांच्यामध्ये डॉक्टरचा एक निर्णय असतो.

हा निर्णय आपल्या बायकांच्या बाबतीत फार घाईने होतो. ‘हिस्टेरा’ म्हणजे गर्भाशय, त्यावरून हिस्टरेक्टमी. (पूर्वी बाईच्या प्रत्येक अस्वस्थपणाचे खापर गर्भाशयावर फोडत. ‘हिस्टेरिया’ हा शब्द त्यातूनच आला.) बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचा प्रश्न २०१९ साली गाजला. सरकारी समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कितीतरी जणी ऐन तिशीत. पोटात दुखते, अंगावरून जाते म्हणून गेलेल्या अनेकींनी सांगितले की, ‘पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल’ अशी भीती त्यांना घालण्यात आली होती. पाळी चुकवायची म्हणजे खाडा पडणार नाही, हाही हिशेब त्यामागे होता.

सहीच्या कागदावर हिस्टरेक्टमीच्या पुढे कधीकधी आणखी एक लांबलचक शब्द असतो : ऊफोरेक्टमी. म्हणजे बीजकोषही काढणे. हा शब्द आपल्याकडे कुणी वाचून दाखवत नाही, आणि बाईच्या पुढच्या आयुष्यावर याचा परिणाम मोठा. दोन्ही बीजकोष काढले की पाळी जाण्याचे वय एका दिवसात येते. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडे वेळेआधी ठिसूळ होतात. कॅन्सर असेल किंवा रक्तस्राव कशानेच थांबत नसेल, तर ऑपरेशन करावे लागते. त्यात दुमत नाही. पण फायब्रॉइडच्या प्रत्येक गाठीला पिशवी काढणे हा उपाय नसतो. गोळ्या असतात, आणि नुसती गाठ काढण्याचे ऑपरेशनही असते. त्याचे नाव मायोमेक्टमी. म्हणून अम्मी असो, आपा असो की घरची सून, सही करण्यापूर्वी कागदावर ‘एक्टमी’ने संपणारे शब्द किती आहेत ते मोजा. जितके शब्द, तितके प्रश्न : हे काय काढणार? का काढणार? न काढता भागेल का? उत्तर समजले नाही, तर कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जायला कुणाची मनाई नाही.

‘स्कोपी’ आणि ‘ग्राफी’ या शेपट्या राहिल्या. ॲन्जिओग्राफी म्हणजे ऑपरेशन समजून उपाशी-तापाशी घाबरलेल्या नातेवाइकांसाठी त्या पुढच्या अंकात.