गिऱ्हाइकाची माहिती, पेढीची जबाबदारी

पूर्वी पेढीवरील उधारीची वही परक्याच्या नजरेस पडू दिली जात नसे. आज तीच पेढी संकेतस्थळावरून साड्या वा मसाले विकते, तेव्हा गिऱ्हाइकाचे नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक अनायासे हाती येतात. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० अन्वये संमतीच्या चौकटीत आधीच खूण करून ठेवणे निषिद्ध आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हावे लागते. हे बहुतेकांना ठाऊक असते, निदान असावे.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा याहून कडक आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. माल पोहोचवण्यासाठी घेतलेला क्रमांक जाहिरातीसाठी वापरायचा तर वेगळी संमती लागेल, आणि ती दिली तितक्याच सहजतेने मागे घेता आली पाहिजे. संमतीची विनंती मराठीतही वाचण्याची सोय द्यावी लागेल. दुसऱ्याच्या संकेतस्थळावरून उतरवून घेतलेल्या इंग्रजी अटींवर भिस्त ठेवणाऱ्यांची येथे पंचाईत आहे. माहितीच्या सुरक्षेत हयगय झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. उल्लंघनाचे गांभीर्य पाहूनच रक्कम ठरते, हे खरे. परंतु संकेतस्थळ सांभाळणाऱ्या कंत्राटदाराकडून माहिती फुटली, तरी कायद्यापुढे उत्तर पेढीलाच द्यावे लागते.