काळी मोहरी आणि आपल्या मुली

बुद्धिबळात पांढरी मोहरी घेणारा पहिली चाल करतो आणि तेवढा फायदा त्याच्या पदरात असतो. 28 जुलै 2025 रोजी जॉर्जियातील बातुमी शहरात महिला विश्वचषकाचा निर्णायक डाव आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने काळ्या मोहऱ्यांनी जिंकला. समोर कोनेरू हम्पी होती, दिव्याच्या जन्माआधीच, 2002 साली, ग्रँडमास्टर झालेली. आधीचे दोन्ही पारंपरिक डाव आणि टायब्रेकचा पहिला जलद डाव बरोबरीत सुटला होता. दुसऱ्या डावात घड्याळाच्या ताणाखाली हम्पीकडून चुका झाल्या, दिव्याने त्या सोडल्या नाहीत. 19 व्या वर्षी ती भारताची 88 वी ग्रँडमास्टर झाली आणि आईला मिठी मारून रडली.

दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात सांगितले. सातवीतल्या एका मुलीने विचारले, "मॅडम, तिची अम्मी सोबत गेली होती?"

मी क्षणभर गप्प झाले. ही मुलगी वर्गातल्या सगळ्या मुलांना हरवते. मागच्या वर्षी तिला बाहेरगावी स्पर्धेला जायचे होते. अब्बांनी खर्च, प्रवास आणि 'लोग क्या कहेंगे' ही तीन कारणे दिली. मी "ठीक आहे" म्हणाले आणि विषय संपवला. त्यांच्या घरी जाऊन बोलायला हवे होते, मी गेले नाही.

काहीजण दीनचा आधार घेतात. शतरंजबाबत उलमांमध्ये मतभेद आहेत, अनेकांनी मनाई केली आहे. शाफई मसलकात मात्र जुगार नसेल आणि नमाज चुकत नसेल तर तो हराम नव्हे, मकरूह मानला गेला. ज्यांना हा खेळ मान्य नाही, त्यांच्या मताचा मी आदर करते. पण मुलगे चौकात मध्यरात्रीपर्यंत कॅरम खेळतात, तेव्हा मसला कोणी विचारत नाही. हा खेळ आपल्याला परकाही नाही. अब्बासी काळात बगदादच्या अस-सूलीने शतरंजवर ग्रंथ लिहिले. शह, मात, वजीर, प्यादे हे शब्द अरबी-फारसीतूनच मराठीत आले.

दिव्याचे आईवडील डॉक्टर आहेत, हे मी विसरत नाही. माझ्या विद्यार्थिनीच्या घरी शिलाई मशीनवर संसार चालतो. तिच्या वाट्याला काळी मोहरी जन्मापासूनच आली आहेत. निदान तिला पटापर्यंत तरी पोहोचू द्या.

यंदा स्पर्धेचे अर्ज आले की मी त्या घरी जाणार आहे. अब्बांशी बोलेन आणि अम्मीला म्हणेन, "आपा, तुम्हीही सोबत चला."