आधी छप्पर, मग विमान

लॉकहीडच्या सुपर कॉन्स्टेलेशन विमानाच्या शेपटीवर एक उंच उभा पंख नाही, तीन बुटके आहेत. त्या काळच्या हँगरच्या दारातून शेपटी आत जावी, हे त्यामागचे एक साधे, व्यवहारी कारण. असे एक विमान गोव्यात दाबोळी विमानतळाला लागून, बोगमाळोच्या वाटेवर, नौदलाच्या हवाई संग्रहालयात पाहायला मिळते. छपराखाली मावावे म्हणून ज्याची उंची बेतली, ते तिथे उघड्यावर पावसाळे काढते आहे.

त्याची कारकीर्दही साधीसुधी नाही. एअर इंडियाच्या ताफ्यातली सुपर कॉन्स्टेलेशन विमाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला हवाई दलाकडे गेली, पुण्याच्या ६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये राबली आणि १९७६ मध्ये नौदलाकडे आली. गोव्याच्या आयएनएस हंसा तळावर त्यांच्यासाठी ३१२ क्रमांकाची स्क्वाड्रन उभी राहिली. समुद्रावर दूरवर टेहळणी करणे हे तिचे काम. मुंबई, पुणे, गोवा अशी नोकरी केलेले हे विमान म्हणजे आपल्याकडच्या हवाई वाहतुकीचा आणि संरक्षणाचा चालताबोलता दस्तऐवजच. १९९८ मध्ये सुरू झालेल्या या संग्रहालयाचे ते खरे वैभव आहे, आणि खाऱ्या वाऱ्याचा मारा नेमका त्यालाच सोसावा लागतो.

याच स्क्वाड्रनमध्ये १९८८ साली रशियन टीयू-१४२ विमाने आली. लांबी ५३ मीटर, पंखांचा पसारा ५० मीटर, चार इंजिने आणि प्रत्येक इंजिनावर एकमेकांच्या उलट फिरणारे दोन पंखे. आधी गोवा, मग १९९२ पासून तमिळनाडूतले अरक्कोणम. मार्च २०१७ मध्ये ती निवृत्त झाली. त्यांतले एक एप्रिलमध्ये उडत विशाखापट्टणमला आले, तिथे सुटे झाले, तुकड्यातुकड्यांनी समुद्रकाठच्या रस्त्यावर पोहोचले आणि पुन्हा जोडले गेले. डिसेंबरात त्याच्या संग्रहालयाचे राष्ट्रपतींच्या हस्ते उद्घाटन झाले. सात-आठ महिन्यांत उरकलेले हे काम कौतुकास्पदच. पुढे दुसरे एक विमान कोलकात्याच्या न्यू टाऊनमध्ये जाऊन बसले.

अडचण इथेच सुरू होते. विमान हलवण्याचा सोहळा होतो, त्यासाठी निधी मिळतो, फोटो निघतात. विमान जागेवर बसल्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांचा विचार करायला मात्र कोणी नसते.

हलवणे सोपे असते असे नाही. पंख धडाला जोडणारे जाडजूड बोल्ट वर्षानुवर्षे हललेले नसतात. ते जपून सोडवावे लागतात. पुढची इंजिने उतरवली की तोल मागे सरकतो आणि विमान शेपटीवर बसण्याचा धोका असतो, म्हणून नाकात वजन भरायचे. रस्त्यात विजेच्या तारा, पूल, वळणे. रात्रीच्या शांततेत ट्रेलर मुंगीच्या पावलांनी सरकतो आणि पुढे माणसे काठ्यांनी तारा उचलत चालतात. कॉन्कॉर्डची तर आणखी पंचाईत: तिचे पंख धडाशी एकजीव बांधलेले, सुटे करायची सोयच नाही. २००४ मध्ये ब्रिटिश एअरवेजची एक कॉन्कॉर्ड लंडनहून स्कॉटलंडच्या ईस्ट फॉर्च्युनला न्यायची होती, तेव्हा पंख चक्क कापले. मग बार्जवरून थेम्समधून समुद्रात, आणि शेवटचा टप्पा रस्त्याने.

पंख कापले म्हणून विमानप्रेमी हळहळले. पण ती कॉन्कॉर्ड हँगरमध्ये गेली. उलट, ज्या कॉन्कॉर्डने २६ नोव्हेंबर २००३ रोजी या जातीच्या विमानांचे अखेरचे उड्डाण केले, ती ब्रिस्टलजवळच्या फिल्टनला धडधाकट उतरली आणि २०१७ पर्यंत इंग्लंडच्या पावसात उभी राहिली. तिच्यासाठी खास इमारत झाली ती तेव्हा कुठे. या दोघींत नशीबवान कोण, हे ठरवायला फार डोके लागत नाही.

उघड्यावरच्या विमानाला आतून कीड लागते. पंखातली पाणी निचरायची बारीक भोके पालापाचोळ्याने आणि पाखरांच्या घरट्यांनी बुजतात, पाणी साठते. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात पोलादी बोल्ट असेल तिथे ओल आणि मीठ मिळून धातू पोखरतात. खिडक्यांची काच पिवळी पडते, टायर फाटतात. रंगाचा नवा हात दिला की वरून सारे झकास दिसते. तपासणारा आत वाकून पाहील तेव्हा कळणार.

ब्रिटनमधल्या डक्सफर्डला वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांनी अमेरिकन विमानांसाठी वास्तू उभारली, तेव्हा बी-५२ बॉम्बरचे माप आधी घेतले. पंखांची रुंदी सुमारे ५६ मीटर, शेपटीची उंची जवळपास १५ मीटर. त्यावरून छताची कमान ठरली. ही वास्तू १९९७ मध्ये खुली झाली आणि पुढच्याच वर्षी तिला वास्तुकलेचा स्टर्लिंग पुरस्कार मिळाला. तेवढा पैसा आपल्याकडे कुठे, असे कोणी म्हणेल. बरोबर आहे. म्हणूनच हाताला लागेल ते जपायचा हव्यास नको. मुंबईने जुनी विमानवाहू नौका ‘विक्रांत’ वर्षानुवर्षे तरंगते संग्रहालय म्हणून ठेवली, खर्च आणि सुरक्षिततेचा प्रश्न आला तसे २०१२ मध्ये दार बंद केले आणि २०१४ मध्ये ती भंगारात गेली. जतनाच्या घोषणा तेव्हाही कमी नव्हत्या. कायमच्या निधीची तरतूद कोणी केली नाही.

गोव्याच्या सुपर कॉन्स्टेलेशनला फॉस्टर लागत नाहीत. पंखांचा पसारा सुमारे ३७ मीटर, शेपटी जेमतेम साडेसात मीटर उंच. मधे खांब नसलेली चाळीस मीटर रुंदीची पत्र्याची शेड आपल्या एमआयडीसीत आणि भिवंडीच्या गोदामांत नवलाईची राहिलेली नाही. बाजू मोकळ्या ठेवल्या तरी उन्हापावसाचा थेट मारा थांबेल. उरलेल्या खारेपणासाठी गोड्या पाण्याने नियमित धुणे आणि वर्षातून एकदा पत्रे उघडून तपासणे आहेच. आयएनएस हंसावरची आयएल-३८ विमानेही ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली आहेत. त्यांच्यासाठी कोणत्याही राज्याने हात पुढे केला, तर नौदलाने करारातच अट घालावी: शेडचा आराखडा आणि दहा वर्षांच्या देखभालीची तरतूद दाखवा, मग विमान न्या.