'मॅट'च्या पीठात सदस्य किती? कोरोनाकाळाने पुढे आणलेला प्रश्न

नांदेड-लातूरच्या राज्य सरकारी कर्मचाऱ्याला बदली, बडतर्फी किंवा पदोन्नतीबाबत दाद मागायची तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचे, म्हणजे 'मॅट'चे, औरंगाबाद खंडपीठ गाठावे लागते. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. मार्च २०२० मध्ये एसटी आणि रेल्वे दोन्ही थांबल्या, तेव्हा हे अंतर खरे कळले.

१९८५ च्या कायद्यानुसार पीठावर दोघे हवेत : एक न्यायिक सदस्य, एक प्रशासकीय. पण त्याच कायद्याचे कलम ५(६) अध्यक्षांना ठरावीक प्रकारची प्रकरणे एकाच सदस्याकडे देऊ देते. म्हणजे साथीसाठी आपल्याकडे नवा कायदा करण्याची गरजच नव्हती. ब्रिटनमध्ये १९ मार्च २०२० ला न्यायाधिकरणांच्या वरिष्ठ अध्यक्षांनी लेखी निर्देश काढून तिघांच्या जागी एकट्या न्यायाधीशाला बसण्याची मुभा दिली, अगदी मनोरुग्णांना रुग्णालयात अडकवून ठेवण्याच्या प्रकरणांतही. ते आम्हाला पटत नाही. पण निर्देशाला सहा महिन्यांची मुदत होती आणि ती वाढवली तीही जाहीरपणे.

पेन्शन, बदलीची साधी प्रकरणे एका सदस्याने पटापट निकाली काढली तर आमची हरकत नाही. निवृत्त शिपायाने दुसऱ्या सदस्याची वाट का पाहावी? प्रश्न आरक्षणाचा आला की गोष्ट वेगळी. पदोन्नतीतील आरक्षणाचा २००४ चा शासन निर्णय २०१४ मध्ये मॅटनेच रद्द ठरवला होता, हे विसरू नये. आणि ७ मे २०२१ ला, ऐन दुसऱ्या लाटेत, राखीव ठेवलेली ३३ टक्के पदेही सेवाज्येष्ठतेने भरण्याचा आदेश निघाला. सर्वोच्च न्यायालयाने एल. चंद्रकुमार खटल्यात (१९९७) एकसदस्य पीठ वैध मानले, पण कायद्याच्या घटनात्मक वैधतेचा प्रश्न असेल तर दोन सदस्यांचेच पीठ हवे असे बजावले. आपल्या कार्यकर्त्यांनी अशा प्रकरणात ही मागणी पहिल्याच तारखेला लेखी करावी. एरवीही प्रकरण दोघांपुढे जायला हवे असे वाटल्यास सदस्य ते अध्यक्षांकडे पाठवू शकतो.

साथ ओसरली तरी सदस्यांची पदे रिकामी राहिली, तर एकसदस्य पीठच कायमचे होऊन बसते, तेही कोणताही आदेश न निघता. म्हणून रिक्त पदांबद्दल माहिती अधिकारात अर्ज टाकायला हवेत.

एक व्यवहाराची गोष्ट. मॅटमध्ये अर्जाची मुदत साधारणपणे एक वर्ष असते. सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ त्यातून वगळला आहे. त्या काळातल्या आदेशावरचा अर्ज कुणी 'उशीर झाला' म्हणून परत केला असेल, तर तारखा पुन्हा मोजून पाहा.