तेरा किलोमीटर अलीकडे

चारही चाकांना जोर असलेली मोटार हाताशी असली म्हणजे माणूस वाटेल तिथे जाऊन येतो, असे एक मत आमच्या तळेगाव दाभाड्यात फार प्रचलित आहे. गावाला तसे मत बाळगण्याचा अधिकारही आहे म्हणा. एका अंगाला चाकण, दुसऱ्या अंगाला पिंपरी-चिंचवड. दर दोन घरांआड एखादा गृहस्थ गाडीच्या कुठल्या ना कुठल्या भागावर आयुष्य काढीत असतो. कोणी गिअर, कोणी आसने, कोणी नुसती रबराची कडी. मराठीचा मास्तर म्हणून या विषयावर तोंड उघडायला भिणारा बहुधा मी एकटाच असेन. पण गेल्या हिवाळ्यात मी आणि सौभाग्यवती अशाच एका गाडीतून जर्मनीहून युरोपच्या उत्तर टोकाकडे निघालो होतो. तेव्हा वाचकहो, या वर्षी दोन शब्द बोलण्याचा थोडा हक्क मलाही पोचतो.

मोटारीने दूरवर जाण्याचे वेड आपल्याकडे नवे नाही. २०१६ साली भारुलता कांबळे या महाडच्या सूनबाई इंग्लंडहून एकट्या मोटार हाकत, तीसच्या वर देश ओलांडून भारतात आल्या. त्याही पूर्वी, १९२३ ते १९२८ या काळात, मुंबईचे हकीम, बापासोला आणि भूमगरा हे तीन पारशी तरुण तर सायकलीवरून जग पालथे घालून आले. त्यांच्या मानाने आमचा प्रवास म्हणजे आळीतली फेरी! एकेरी साडेतीन हजार किलोमीटर, साठवलेली तीन आठवड्यांची रजा आणि मेव्हण्याची गाडी.

हा मेव्हणा चाकणच्या कारखान्यातून बदलीवर स्टुटगार्टला गेलेला. आमच्या लग्नाला वीस वर्षे झाली म्हणून गाडी देतो म्हणाला. आई म्हणाली, "एवढ्या थंडीत कशाला? माथेरान काय वाईट आहे?" प्रश्न बिनतोड होता. तरी आम्ही निघालो.

किल्ली हातात देण्यापूर्वी मेव्हण्याने आम्हाला ब्लॅक फॉरेस्टमध्ये नेले. एका मोकळ्या आवारात बर्फ साचले होते. तिथे त्याने आधी मला आणि मग हिला गाडी पळवून एकदम ब्रेक दाबायला लावले. निघताना गाडी अशी निघाली की तळेगावकरांचे मत मला सोळा आणे पटले. ब्रेक दाबल्यावर मात्र ती शांतपणे, कुणाचेही न ऐकता, पुढे सरकत राहिली. "भाऊजी," तो म्हणाला, "चार चाकांचा जोर निघायला असतो. थांबायला नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांच्या चारी चाकांना असतात. उलट ही वजनाने जड, म्हणून थांबायला नाठाळ. थांबवतं ते टायर, आणि माणूस."

टायरचे प्रकरण तिकडे पंचांगाइतके काटेकोर असते. पारा सात अंशांच्या खाली गेला की उन्हाळी टायरचे रबर कडक होते आणि रस्त्याला धरत नाही. हिवाळी टायर मऊ रबराचे असून त्यावर बारीक चिरा असतात, आणि कडेला तीन शिखरे व हिमकण यांचे चिन्ह कोरलेले असते. स्वीडनमध्ये १ डिसेंबर ते ३१ मार्च रस्त्यावर बर्फ असेल तर असे टायर हवेतच. खिळ्यांचे टायरही तिकडे सर्रास दिसतात. जर्मनीत मात्र त्यांना बंदी, म्हणून आमचे बिनखिळ्यांचे.

त्याच आवारात हिने एक नियम घातला. दोघांपैकी कोणीही 'थांबू या' म्हटले की थांबायचे. कारण विचारायचे नाही, वाद घालायचा नाही. मी हसून मान्य केले. ही रोज गाडी घेऊन तळेगावाहून चाकणला हिशेबाच्या कामाला जाते. त्या रस्त्यावर कंटेनरांच्या मध्ये वीस वर्षे टिकलेल्या बाईच्या नियमाला हरकत कोण घेणार?

जर्मनी, डेन्मार्क दोन दिवसांत मागे पडले. कोपनहेगनवरून स्वीडनला जाणारा पूल २००० साली खुला झाला. वाट आधी समुद्राखालून जाते आणि मग एका बेटावरून वर येऊन पुलावर चढते. पुढे समुद्राच्या कडेकडेने वर, आणि फिनलंडमध्ये रोवानिएमीला पोचलो तोवर दिवस म्हणून काही उरला नव्हता. त्याच्या उत्तरेला तर डिसेंबरअखेरीस सूर्य उगवतच नाही. दुपारी काही तास आभाळाला निळीच्या पाण्याचा रंग येतो, तेवढाच उजेड.

इनारीला रात्री पारा उणे एकतीस होता. मुक्कामाच्या जागेपुढे विजेचे खुंट रोवलेले होते आणि गोठ्यात गाई दावणीला बांधाव्यात तशा गावातल्या गाड्या तारेने त्या खुंटांना जोडलेल्या होत्या. इंजिन गार पडू नये म्हणून ही सोय. आमच्या जर्मन गाडीला ती नव्हती. मग मेव्हण्याने पढवलेले सगळे पाठ आठवावे लागले: हातब्रेक ओढायचा नाही, तो गोठून बसतो, गाडी गिअरमध्ये ठेवायची, आणि टाकीत तिकडचे हिवाळी डिझेल भरत जायचे, कारण आपले नेहमीचे डिझेल अशा थंडीत मेणासारखे थिजते. सकाळी किल्ली फिरवताना ही डोळे मिटून बसली होती. गाडी दोनदा कण्हली आणि सुरू झाली.

वाटेत रेनडिअर भेटत. ती रानटी नव्हेत; प्रत्येकाला मालक असतो. रस्त्याच्या मध्ये उभी राहून ती आपल्या म्हशींच्याच नजरेने गाडीकडे बघतात. हिने एकदाही भोंगा वाजवला नाही.

नॉर्थ केप हा नॉर्वेच्या मागेरोया बेटावरचा समुद्रावर उभा कडा. बेटावर जायला समुद्राखालून सुमारे सात किलोमीटरचा बोगदा आहे. मध्ये तो पाण्याखाली २१२ मीटर उतरतो. हिवाळ्यात शेवटचे तेरा किलोमीटर मात्र कोणालाही मनाने जाता येत नाही. रस्त्यावर फाटक असते. ठरल्या वेळी बर्फ लोटणारे यंत्र पुढे निघते आणि त्याच्या मागे गाड्यांची रांग. पहिल्या दिवशी वाऱ्याने रांग निघालीच नाही. दुसऱ्या दिवशीही. तिसरा दिवस आमचा शेवटचा.

तिसऱ्या दिवशी रांग निघायची ठरली. फाटकावरच्या माणसाने टायर पाहिले, मान हलवली आणि सांगितले, वारा पुन्हा वाढला तर वरच अडकून पडावे लागेल. ही चाकावर होती. पुढच्या गाड्यांचे दिवे लागले. ती म्हणाली, "अहो, मी थांबते."

खरे सांगतो, मला भयंकर राग आला. साडेतीन हजार किलोमीटर आणि वर तेरा राहिलेले! पण नियम तो नियम. रांग निघाली, चार गाड्यांच्या पलीकडे तांबडे दिवे दिसेनासे झाले आणि फाटक पडले.

ती मंडळी संध्याकाळी सुखरूप परत आली. वर काय पाहिले ते आमच्याच खाणावळीत मोठ्याने सांगत होती. मी पुस्तकातली माहिती पुढे केली, की नॉर्थ केप हे खरे उत्तर टोक नव्हेच. शेजारचा एक सखल सुळका त्याहून सुमारे दीड किलोमीटर उत्तरेला आहे, आणि बेटच असल्याने मुख्य भूमीचे टोक तर वेगळेच. त्या माहितीने मला स्वतःलाही काही समाधान झाले नाही.

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर, मी गाडी चालवत असताना, ही आपणहून बोलली. "गाडी घसरेल म्हणून नव्हे हो. तीन दिवसांत माझे हात भरून आले होते. मध्येच धीर सुटला असता तर मी तुम्हाला सांगितलं नसतं. एवढं निघालो आहोत म्हणून रेटत राहिले असते. सांगता येत होतं तोवर सांगितलं."

यावर काय बोलावे ते मला सुचले नाही. पुढचे चाळीसेक किलोमीटर आम्ही दोघेही नुसते रस्त्याकडेच्या खांबांच्या पट्ट्या दिव्यांत चमकताना पाहत होतो. मग तिने थर्मासमधला चहा ओतला, आणि मी गाडीचा वेग थोडा कमी केला.

ज्यांना जायची हौस असेल त्यांनी फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये जावे. बर्फ तितकेच असते आणि दिवस मात्र मिळतो. जर्मनीतून नॉर्वेपर्यंत एकाच शेंगेन व्हिसावर जाता येते, आणि आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओत मिळतो. एखादे फावडे, ओढायचा दोर आणि घोंगडी सोबत असावी. आमची सोलापुरी चादर होती. तिने काम भागवले.

घरी आल्यावर आईला फोटो दाखवले. बंद फाटकाच्या फोटोपाशी ती थबकली. "हे तर रेल्वेच्या फाटकासारखंच दिसतंय. एवढ्या लांब फाटक बघायला गेला होतात?"

"हो आई," ही म्हणाली, "आणि तिथला रस्ता आपल्या चाकणपेक्षा मोकळा होता."